पेशंट सांभाळायला बाहेरगावी जाणाऱ्या बायांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांतून कितीतरी बाया पेशंट, म्हातारी माणसं नाहीतर तान्ही बाळं सांभाळायला नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादला जातात. कापसाची वेचणी आणि धानाची रोवणी सोडली तर गावात हाताला काम नसतं, म्हणून जातात. बचत गटाच्या बैठकीत, आठवडी बाजारात आणि जास्त करून रात्री अकरानंतर फोनवर त्या आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पेशंट झोपल्यावरच त्यांना बोलायला सवड मिळते, म्हणून फोन इतक्या उशिरा येतात. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. पेशंट सांभाळायचं म्हणजे नेमकं काय काय करा लागते?

पेशंटला उठवणं-बसवणं, आंघोळ घालणं किंवा अंग पुसणं, भरवणं, डायपर बदलणं, लघवी-संडासाचं भांडं देणं, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या वेळेवर देणं, चालवणं, सोबत बसणं. पेशंटचे कपडे, त्याचं ताट आणि त्याची खोली हेही यातच येतं. सगळ्या घराची धुणी-भांडी आणि आल्या-गेल्याचा स्वयंपाक यात येत नाही. तेही करून घ्यायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते आधीच ठरलेले हवेत.

नर्सचं काम वेगळं आहे. नर्स एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स शिकलेली असते आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंद असते. घरचे लोक तुम्हाला 'सिस्टर' म्हणू लागले म्हणून तुम्ही नर्सची कामं अंगावर घेऊ नका (प्रश्न ९ पाहा).

२. बारा तासांची ड्युटी घ्यावी का चोवीस तासांची? चोवीसला पैसे जास्त भेटतात.

पैसे जास्त दिसतात, पण तासांनी भागून पाहा. चोवीस तासांच्या ड्युटीला बारा तासांच्या दुप्पट पैसे सहसा कोणी देत नाही. राहणं-खाणं सुटतं, भाडं वाचतं, हे खरं. बाहेरगावच्या बाईला शहरात खोली घेणं परवडत नाही, म्हणून बहुतेक जणी चोवीस तासांचीच ड्युटी घेतात, आणि त्यात चूक काही नाही.

फक्त चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागं राहणं नव्हे, एवढं काम ठरवतानाच बोलून घ्या. रात्री सलग किती तास झोप, दुपारी किती आराम, आठवड्यातला कोणता दिवस किंवा अर्धा दिवस सुटीचा, त्या वेळी पेशंटजवळ कोण बसणार. पगाराचा आकडा ठरतो त्याच बैठकीत हेही ठरायला हवं. आम्ही प्रत्येक बाईला हेच सांगतो की झोप ही पगाराइतकीच ठरवून घ्यायची गोष्ट आहे. कंबर, बीपी, चिडचिड, हातून होणाऱ्या चुका, यांतलं बरंचसं दुखणं अपुऱ्या झोपेतूनच सुरू होतं.

३. आजीची कूस दर दोन तासांनी बदला म्हणतात. मग मी झोपू कधी?

एकच बाई दिवसभर काम करून रात्रभर दर दोन तासांनी उठू शकत नाही. काही दिवस जमतं, महिनोन्महिने जमत नाही.

घरच्यांचं म्हणणंही खोटं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात, आणि त्या भरता भरत नाहीत. म्हणून कूस बदलायलाच हवी. तिथे वाद घालू नका. वाद घालायचा तो कोणी बदलायची यावर. त्याचे तीन मार्ग निघतात. एक, हवेची गादी आणायची. त्यानं जखमेचा धोका कमी होतो आणि डॉक्टर दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवू शकतात, पण हे त्यांना विचारूनच. दोन, रात्रीचा एक पहारा घरच्यांनी घ्यायचा, म्हणजे तुम्हाला निदान पाच-सहा तास सलग मिळतात. तीन, पेशंट फारच जड असेल तर बारा-बारा तासांच्या दोन बाया ठेवायच्या.

हे तोंडी सांगितलं की घरच्यांना पटत नाही, कारण रात्री ते झोपलेले असतात. म्हणून एक वही करा. वाशीमकडच्या एका ताईंनी पेशंटच्या उशाशी शंभर पानी वही ठेवली होती. त्यात एका रात्रीची नोंद अशी होती : १२.१० लघवी, १.४५ कूस, २.२० पाणी मागितलं, ३.०० खोकला, ४.१५ डायपर, ५.३० उठून बसले. खाली सही नाही, तक्रार नाही. पेशंटच्या मुलानं आठवडाभराची पानं वाचली आणि रात्री दोनपर्यंतचा पहारा स्वतःकडे घेतला. लिहिता येत नसेल तर घड्याळाची वेळ सांगून फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

४. ब्युरोतून जावं का ओळखीनं? ब्युरोवाले किती पैसे कापतात?

ब्युरो म्हणजे घरांना कामाला बाया पुरवणारी एजन्सी. दोन्हीकडे बरे-वाईट लोक आहेत. ओळखीनं गेलं तर कमिशन वाचतं, पण भांडण झालं तर मध्यस्थ नसतो. ब्युरो एक पेशंट सुटला की दुसरा देतो, पण प्रत्येक महिन्याला किंवा प्रत्येक नव्या कामाला कापतो. सगळीकडे एकच दर नाही, म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी विचारा : घरवाले ब्युरोला महिन्याला किती देतात, त्यातले माझ्या खात्यात किती येतात, आणि पेशंट मधेच सुटला तर मी कुठे राहीन. पहिल्याचं उत्तर टाळणाऱ्या ब्युरोकडे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधार कार्डाची झेरॉक्स द्या. मूळ कार्ड, बँकेचं पासबुक, एटीएम कोणाच्याही हाती देऊ नका. लग्नाला किंवा दवाखान्याला उचल देऊन "फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही" म्हणणारा भेटला तर तो वेठबिगारीचा प्रकार आहे. १९७६ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

पहिल्यांदा जाताना घराचा पूर्ण पत्ता आणि दोन फोन नंबर गावातल्या तिघांकडे ठेवून जा. "पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून उतरा, माणूस घ्यायला येईल" एवढ्यावर निघू नका.

५. जाताना कोणकोणते कागद न्यायचे?

आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, स्वतःच्या नावाच्या खात्याचं पासबुक, ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं), सिकलसेलचा (रक्ताच्या जन्मजात आजाराचा) रिपोर्ट, आणि बीपी-शुगर-थायरॉईडच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी. सगळ्याचे फोटो काढून घरच्या एखाद्या फोनवरही ठेवा. फोन हरवतो, भिजतो, कधी कोणी काढूनही घेतं.

पगार नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात घेऊ नका. तुमचं खातं नसेल तर ते उघडूनच निघा.

६. निघण्याआधी तपासण्या कोणत्या कराव्या?

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, बीपी, शुगर आणि सिकलसेल. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. आपल्याकडे ते ८-९ असूनही बाया वावरात राबतात आणि "थकवा येते" एवढंच म्हणतात. पण माणूस उचलायच्या कामात ८ हिमोग्लोबिनवर चक्कर येते, आणि तुम्ही पडलात तर हातातला पेशंटही पडतो. लोहाच्या गोळ्या केंद्रात फुकट मिळतात. त्या निदान काही आठवडे घेऊन, पुन्हा तपासून मग निघा.

हिपॅटायटीस बी ची लस घेता आली तर जरूर घ्या. तीन डोस असतात : पहिला, एका महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. रक्त, जखमा यांच्याशी रोजचा संबंध येणाऱ्या माणसानं ती घेतलेली बरी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, मग तिकीट.

७. मला सिकलसेल आहे. मी हे काम करू शकते का?

आधी रिपोर्टवर एएस लिहिलंय का एसएस ते पाहा. आशाताई किंवा केंद्रातले डॉक्टर सांगतील. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे पहिल्या चाळणी तपासणीवर, थांबू नका. वाहक आहात का रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच कळतं.

एएस म्हणजे वाहक. वाहक बाईला सहसा त्रास नसतो, ती हे काम करू शकते. एसएस म्हणजे रुग्ण. तिच्यासाठी जागरण, थंडी, पाणी कमी पिणं, अंगावर काढलेला ताप आणि अतिश्रम ही सगळी हाडं-सांधे ठणकवणारी कारणं आहेत, आणि चोवीस तासांच्या ड्युटीत ही सगळी एकत्र येतात. म्हणून एसएस असलेल्या ताईनं अंथरुणावरचा जड पेशंट आणि रात्रपाळी घेऊ नये. चालत्या-फिरत्या आजींची सोबत, दिवसाची ड्युटी, जवळचं शहर, असं काम पाहावं. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ती गोळी कामाच्या गावी कोणत्या सरकारी दवाखान्यातून मिळेल हे आधी विचारून घ्या. मधेच बंद करू नका. ताप, छातीत दुखणं, दम लागणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

मालकाला सांगायचं का, हेही विचारतात. पूर्व विदर्भात घरोघरी माहीत असलेला हा आजार पुण्या-मुंबईच्या घरांत अनेकांनी ऐकलेलाही नसतो. तो संसर्गाचा नाही, जन्मतः येतो, हे समजावून सांगितलं तर दुखणं उठल्यावर सुटी मागणं सोपं जातं.

८. आजोबा ऐंशी किलोचे हाय. उचलून उचलून माही कंबर धरली. काय करू?

उचलणं बंद करा. सरकवा आणि वळवा. जड माणसाला बगलेत हात घालून ओढण्याची जी सवय असते, त्यानं तुमची कंबर जाते आणि त्यांचा खांदा.

पेशंटखाली एक जाड चादर दुमडून आडवी घाला, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी. वर सरकवायचं असेल तेव्हा घरातलं दुसरं माणूस पलंगाच्या पलीकडून बोलवा. दोघांनी चादरीच्या कडा शरीराजवळ घट्ट गुंडाळून धरायच्या, गुडघे वाकवायचे, "एक, दोन, तीन" म्हणून एकदम सरकवायचं. पेशंटला पाय रोवता येत असतील तर त्यांनाही जोर लावायला सांगा. एकटीनं हे करायचं नाही, घरच्यांना कंटाळा आला तरी.

पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची पेशंटच्या धडधाकट बाजूला लावा. चाकाची असेल तर ब्रेक लावा. आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसू द्या, नाहीतर चक्कर येते. त्यांच्या कमरेभोवती घडी घातलेली ओढणी किंवा रुंद पट्टा बांधा आणि तो धरून वळवा. त्यांना तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. लकवा झालेला हात धरून कधीच ओढू नका. पेशंट पडायलाच लागला तर झेलायला जाऊ नका. स्वतःच्या अंगाला टेकवून हळूहळू जमिनीवर उतरवा आणि मग माणसं बोलवा.

पलंग फार खाली असेल तर दिवसभर वाकून कंबर जाते. त्याच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे लावून तो तुमच्या कमरेच्या उंचीपर्यंत आणायला सांगा. पण पेशंट स्वतः उठून चालणारा असेल तर हे नको, तो पडेल.

आता तुमच्या दुखण्याचं. दोन-चार दिवस जड काम टाळून, शेक घेऊन आराम पडत असेल तर ठीक. पण दुखणं पायात उतरलं, पाय बधिर झाला, पाऊल उचलेना, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नका. त्यांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात.

९. इन्सुलिन द्या, नाकातल्या नळीतून जेवण द्या, लघवीची नळी बदला म्हणतात. करायचं का?

इन्सुलिनचं पेन अनेक घरांत नातेवाईकच देतात. तुम्हाला डॉक्टर किंवा नर्सनं समोर बसवून शिकवलं असेल, डोस लिहून दिला असेल आणि चूक झाल्यास काय करायचं हे माहीत असेल, तरच तुम्ही द्या. नाकातल्या नळीचंही तसंच. पेशंटला आडवं ठेवून नळीतून दिलं तर ते फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. नळी बाहेर सरकली तर ती पुन्हा आत घालायचा प्रयत्न तुम्ही कधीच करू नका. लघवीची पिशवी रिकामी करणं तुमचं काम आहे, नळी बदलणं नाही. शिरेतलं इंजेक्शन आणि सलाईन तर मुळीच नाही.

"आधीची बाई करत होती" हे ऐकावं लागतं. उत्तर सोपं ठेवा : "मला शिकवलेलं नाही, पेशंटला काही झालं तर?" ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी जनरल ड्युटी असिस्टंटचा (पेशंटच्या देखभालीचा) कोर्स करावा. त्यानं यातली काही कामं रीतसर शिकता येतात आणि पगारही बरा मागता येतो.

१०. पेशंटला टोचलेली सुई माझ्या बोटाला लागली.

वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जा आणि "पेशंटची सुई टोचली" असं स्पष्ट सांगा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. पेशंटच्या आजारांची माहिती घरच्यांकडून मागून न्या. वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना सगळ्यात जास्त वेळा टोचते. म्हणून टोपण लावू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका.

११. पेशंट सारखा खोकलतो. टीबी असेल तर मला सांगतील का?

विचारायचा तुम्हाला हक्क आहे, काम घेण्याआधीच विचारा. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना पेशंटच्या तोंडावर मास्क किंवा रुमाल, तुम्ही एन-९५ मास्क. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो.

तुम्हालाच टीबी निघाला तर घाबरून गावी पळून येऊन औषध सोडू नका. सरकारी उपचार फुकट आहेत, नोंद निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीवर असते आणि ती दुसऱ्या गावच्या केंद्रात बदलून मिळते. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली आहे.

१२. लघवीला जायचीही सोय नाही, पाळीत तर फारच हाल. आता अंगावरून पांढरं जाते.

अनेक घरांत बाईला घरातलं संडास वापरू देत नाहीत, खालच्या वॉचमनच्या संडासात जायला सांगतात. मग बाया पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून, पाणी कमी पिऊन जळजळ, ताप, कंबरदुखी सुरू होते. घरातलं संडास वापरायला मिळेल का, हे पगाराआधी विचारा. लाजू नका, हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे.

पांढरं जाणं थोडं असेल तर नेहमीचं असतं. वास येत असेल, खाज असेल, ओटीपोटात दुखत असेल तर दाखवा. पाळीत फार जातं, महिन्यातून दोनदा येते, म्हणून कोणी लगेच "पिशवी काढून टाका" म्हणालं तर तिथेच होकार देऊ नका. सोनोग्राफी घेऊन सेवाग्रामच्या रुग्णालयात, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. तीस-पस्तिशीत पिशवी काढल्यावर, आणि अंडाशयंही काढली तर आणखीच, हाडं ठिसूळ होण्याचा आणि लवकर म्हातारपण येण्याचा धोका असतो.

१३. जेवण शिळं देतात, झोपायला पलंगाखाली सतरंजी. बोलावं का?

बोलावं. घरच्यांसारखं ताजं जेवण, पंखा असलेली झोपायची जागा, कपडे ठेवायला कडी लागणारं कपाट, आणि रोज घरी फोन करायची मुभा, एवढं किमान आहे. फोन काढून घेणाऱ्या घरात थांबू नका.

१४. मी तिकडे आजारी पडले तर? कार्ड तर गावाकडचं हाय.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यभर चालते, तेव्हा यवतमाळचं रेशन कार्ड पुण्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. आता राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनिसाला) भेटा. चौकशीचा नंबर १५५३८८. साधा ताप, खोकला, बीपीच्या गोळ्या यासाठी मात्र ही योजना नाही, तिथे महापालिकेचा दवाखाना गाठा. हैदराबादला जाणाऱ्यांनी आयुष्मान कार्डही काढून घ्यावं.

१५. नोंदणी कुठे करायची? लाडकी बहीण आणि रेशन बंद तर नाही ना होणार?

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईची नोंद जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते. बाळंतपणाला ५,००० रुपये, ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदीत बाईला १०,००० रुपये सन्मानधन अशा योजना आहेत. काम केल्याचा मालकाचा दाखला लागतो, तो काम सुरू असतानाच मागा. काम सुटल्यावर कोणी देत नाही. ई-श्रमची नोंद सेवा केंद्रात होते, मदतीचा नंबर १४४३४. बँकेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा (२ लाखांचा) जरूर काढा.

कामासाठी पुण्याला गेल्यानं लाडकी बहीणचे पैसे बंद होत नाहीत, फक्त ई-केवायसी आणि आधारशी जोडलेलं खाते चालू ठेवा. रेशनचं धान्य अंगठा लावून दुसऱ्या गावातल्या दुकानातही मिळतं, घरचे गावात आपला वाटा घेऊ शकतात.

१६. दोन महिन्यांचा पगार अडकवला. काय करावं?

पगार नेहमी खात्यात घ्या, रोख घेतला तर वहीत सही घ्या. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर एकदा लिहून पाठवा : "ताई, ठरल्याप्रमाणे महिन्याला इतके, रविवारी सुटी." समोरून नुसतं "हो" आलं तरी तो पुरावा आहे. पैसे अडले तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००. ते नोटीस काढतात आणि पुष्कळदा तेवढ्यानंच पैसे मिळतात. घरकामगारांसाठी देशभराचा वेगळा कायदा अजून झालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला त्याचा विचार करायला सांगितलं आहे. म्हणून तोवर तुमच्या हातातला कागदच महत्त्वाचा.

१७. पेशंटचा मुलगा अंगाशी येतो. सांगितलं तर काम जाईल.

काम जाईल ही भीती खरी आहे, पण तिथे राहणं त्याहून धोक्याचं आहे. आधी सुरक्षित जागी जा. ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाइन. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसराही मिळतो. पेशंट स्वतः अंगाला हात लावतो, घाणेरडं बोलतो, तेव्हाही हेच लागू आहे. फक्त त्याला स्मृतिभ्रंश असेल तर घरच्यांना लगेच सांगा आणि आंघोळीच्या वेळी पुरुष माणूस सोबत मागा.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाई स्पष्टपणे येते, थेट ठेवलेली असो की ब्युरोमार्फत. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. गावी परत आलात तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाचा गुन्हा (घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली तरी) नोंदवता येतो.

१८. चोरीचा आळ घेतला आणि पोलिसात न्यायला निघाले.

घाबरून कबूल करू नका, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. तुमच्या अंगाची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. अटक झालीच तर २४ तासांत न्यायालयापुढे उभं करावं लागतं. लगेच १५१०० (फुकट वकिलाचा नंबर, प्रश्न १६) लावा. आणि पहिल्याच दिवशी स्वतःची पिशवी घरच्यांसमोर उघडून दाखवायची, काम सोडतानाही तसंच. अपमान वाटतो, आम्हालाही ते सांगताना बरं वाटत नाही, पण पुढचा त्रास वाचतो.

१९. आजी गेल्या. दोन वर्षं मी त्यांना भरवलं. मला झोप येत नाही, रडूच येते.

दोन वर्षं ज्या माणसाला भरवलं, पुसलं, रात्री हाक आली की उठून पाहिलं, त्याचं दुःख होणारच. घरच्यांना भेटायला माणसं येतात, तुमच्याकडे मात्र कोणी "तू कशी आहेस" असं विचारत नाही. लगेच दुसऱ्या दिवशी नवा पेशंट घेऊ नका, जमलं तर चार दिवस घरी या. दोन आठवड्यांनंतरही झोप नसेल, जेवण जात नसेल, जगून काय करायचं असं वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू असतं, पैसे लागत नाहीत.

व्यवहाराचं म्हणाल तर मृत्यूच्या दिवसापर्यंतचा पगार तुमचा आहे, आणि पेशंट गेला म्हणून त्याच रात्री बाहेर काढलं जाऊ नये. निदान आठवडाभराची सोय आधीच ठरवून ठेवा. प्रश्न ३ मधल्यासारखी वही गोळ्या-खाण्याचीही ठेवली असेल तर तुमच्यावर हलगर्जीपणाचा आरोपही सहसा टिकत नाही.

२०. मुलगी सोळा वर्षांची आहे. बाळ सांभाळायला पाठवू का?

नाही. दुसऱ्याच्या बंद घरात, चोवीस तास, घरापासून दूर, हे अठराच्या आतल्या मुलीसाठी नाही. चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवणं तर गुन्हाच आहे. कोणी आधीच नेली असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा.

२१. मला दिवस गेले आहेत. किती महिने काम करावं?

जड पेशंट उचलणं आजपासून बंद, महिन्यांचा हिशेब नको. चालत्या-फिरत्या पेशंटची दिवसाची ड्युटी डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू ठेवता येईल. कांजिण्या, गोवर झालेल्या बाळाजवळ राहू नका. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. त्यासाठी गर्भारपणाची नोंद आधी गावात करा आणि माता-बाल कार्ड सोबत ठेवा.

२२. दुबई-कुवेतला पेशंट सांभाळायला नेतो म्हणतात. तीन दिवसांत व्हिसा.

तीन दिवसांत मिळतो तो बहुतेक फिरायचा व्हिसा. त्यावर काम करणं तिकडे गुन्हा आहे. पकडलं तर शिक्षा तुम्हाला होते, दलाल मोकळा राहतो. दहावी न झालेल्या बाईचा पासपोर्ट ईसीआर असतो. अशा पासपोर्टवर ठरावीक १८ देशांत कामाला जायला सरकारी परवानगी लागते आणि बाईचं वय ३० पूर्ण हवं. हे सगळं ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर होतं. तिथे दलालाचं नाव नसेल तर विषय संपला. पासपोर्टच्या शंका नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात विचारा, दलालाला नाही.

२३. नागपूरच्या आत्याकडेच राहून आत्याच्या सासूला सांभाळते. पगार मागता येतो का?

मागता येतो, आणि मागावा. पण नात्यात ठेवलेल्या बाईला कायद्याचा आधार लंगडा पडतो. उदाहरणार्थ, प्रश्न १७ मधल्या लैंगिक छळाच्या कायद्यात काम देणाऱ्याच्या कुटुंबातली व्यक्ती 'घरकामगार' धरली जात नाही. म्हणून नात्यात काम घेताना उलट जास्त स्पष्ट बोलावं, आणि बोलणारी तुम्ही नको. तुमची आई किंवा काका यांनी आत्याशी एकदा बसून महिन्याचा पगार आणि सुटी ठरवावी. "घरचीच आहे, पैसे काय" म्हणून वर्षानुवर्षं राबलेल्या पुतण्या-भाच्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या नावावर एक रुपया नसतो.

२४. पेशंट दवाखान्यात भरती झाला. आता मी रात्रंदिवस तिथेच खुर्चीवर. हे ड्युटीत येते का?

दवाखान्यातली सोबत ही बारा तासांची ड्युटी धरा, चोवीसची नाही. तिथे झोपायला जागा नसते, रात्रभर दिवे आणि आवाज असतात, संसर्गाचा धोकाही घरापेक्षा जास्त. बारा तासांनंतर घरचं माणूस आलं पाहिजे आणि तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून झोपलं पाहिजे. जेवण आणि येण्या-जाण्याचं भाडं मालकाचं. आयसीयूमध्ये पेशंट असेल तर बाहेर बसून राहायला तुमची गरज नसते, पण त्या दिवसांचा पगार कापला जाऊ नये, कारण तुम्ही दुसरं काम न घेता थांबलेल्या असता. हे भरतीच्या पहिल्याच दिवशी पेशंटच्या मुलाला किंवा सुनेला विचारून, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.